धरणाच्या पायथ्याशी मासेच मासे, मग वैनगंगेचे ढिवर नदी रिकामी झाली असं का म्हणतात?

फेब्रुवारी-मार्च महिना आला की पूर्व विदर्भातल्या मोबाईलवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. मागे धरणाचे बंद दरवाजे. खाली खडकांमध्ये साठलेलं हिरवट पाणी. कुणीतरी गोल फिरवून जाळं फेकतं, जाळं वर येतं आणि आत चकाकणारी मासळी तडफडत असते. खाली कमेंट ठरलेल्या. “भाऊ, लोकेशन पाठव.” “आपल्या नदीत एवढे मासे?”

आणि त्याच नदीच्या काठावर, त्याच महिन्यात, एखाद्या ढिवर मोहल्ल्यात जाऊन विचारलं तर उत्तर उलटं मिळतं. पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, जाळं टाकायला जायचं तरी कुठे.

मग खरं काय? व्हिडिओ खोटा की ढिवर खोटे?

तर दोन्ही खरं आहे. धरणाखाली मासे दिसतात ते नदीत मासे वाढले म्हणून नाही. वर जाणारी वाट बंद झाली म्हणून ते तिथे अडकलेले असतात. हिवाळ्याच्या शेवटी हे चित्र सगळ्यात स्पष्ट दिसतं. कसं, ते चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या नद्यांवरून समजून घेऊ.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली येते आणि पुढे बराच अंतर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची हद्द बनून वाहते. एका काठावर ब्रह्मपुरी, सावली, गोंडपिपरी, तर दुसऱ्या काठावर देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्याचे होते.

चपराळ्याजवळ वैनगंगेला वर्धा नदी मिळते. या दोघींच्या संगमानंतर नदीचं नाव होतं प्राणहिता. प्राणहिता अहेरी, सिरोंचा तालुक्यांच्या कडेने, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या हद्दीवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावतीही गोदावरीत येते. म्हणजे भंडाऱ्याच्या एखाद्या डोहातल्या माशाला तत्त्वतः थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पाण्याची सलग वाट होती.

होती, असं म्हणायचं कारण म्हणजे या वाटेवरची दारं.

पहिलं गोसेखुर्द. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेलं, ३३ दरवाज्यांचं मोठं धरण. २२ एप्रिल १९८८ ला तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याचं भूमिपूजन केलं. त्याच्या खाली, चामोर्शी तालुक्यात चिचडोह बॅरेज, ३८ दरवाज्यांचा. आणि सगळ्यात खाली, प्राणहिता गोदावरीला मिळाल्यानंतर, सिरोंचाजवळचा मेडीगड्डा बॅरेज. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातला हा ८५ दरवाज्यांचा बॅरेज २१ जून २०१९ ला सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचल्यामुळे अडवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं.

उपनद्यांवरही दारं आहेत. चंद्रपूर शहराला आणि औष्णिक वीज केंद्राला पाणी देणारं इरई धरण, चामोर्शी तालुक्यात रेगडीला दिना नदीवरचा कन्नमवार जलाशय, ही त्यातली ओळखीची नावं.

हिवाळा संपताना नदीत काय होतं?

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला गेला असाल तर वैनगंगेचं त्या वेळचं रूप आठवा. पावसाळ्यात एका काठावरून दुसरा काठ नीट दिसत नाही अशी नदी, आणि फेब्रुवारीत मैलभर वाळू, त्यातून वाहणाऱ्या दोन-तीन उथळ धारा. लोक पायी पात्रात उतरतात.

मासा मात्र एवढ्या उथळ पाण्यात दिवस काढू शकत नाही. वर उन्हाची तिरीप, वर घिरट्या घालणारे पक्षी, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. साधं गणित सांगायचं तर १५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे पाणी उतरायला लागलं की मासे डोह धरतात. डोह म्हणजे नदीच्या पात्रातली खोल जागा, जिथे भर उन्हाळ्यातही पाणी टिकतं. चिचडोह या नावातच डोह आहे. गावोगावी अशा डोहांना नावं आहेत, कुठला किती खोल, कुठे कपार, कुठे शिंगाळा बसतो हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फेब्रुवारी ते मे या काळात डोहात जे मासे जिवंत राहतात, तेच जूनमध्ये अंडी घालतात. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कोठी. शेतकरी उन्हाळ्यात बियाणं खाऊन टाकत नाही, कारण पेरणीला काय टाकणार? नदीचंही तसंच आहे.

धरणाखालीच मासे का जमतात?

कारणं चार आहेत.

एक, वाट बंद. रोहू, कतला, मृगळ यांसारखे मासे पावसाळ्यात पूर आला की प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. पुराचं पाणी शेतात, गवतात, उथळ काठांवर पसरलेलं असतं, तिथे ते अंडी सोडतात. वर चढणारा मासा धरणाच्या भिंतीपाशी आला की थांबतो. पावसाळा संपला, दरवाजे खाली आले की जे खाली राहिले ते खालीच राहिले.

दोन, पायथ्याशी खोल खड्डा. पावसाळ्यात दरवाज्यांमधून सुटलेलं पाणी प्रचंड जोराने खाली आदळतं, आणि दरवर्षी त्या माऱ्याने पात्र खरवडलं जातं. बाकी नदी वाळूत लोळत असताना धरणाच्या पायथ्याशी मात्र पाणी उरतं. माशाच्या दृष्टीने हा एक तयार डोहच.

तीन, वाहतं पाणी. दरवाज्यांच्या फटींतून झिरपणारं किंवा खालच्या गावांसाठी सोडलेलं पाणी. थोडं का होईना, पण हलणारं. हलत्या पाण्यात प्राणवायू जास्त असतो.

चार, आयतं खाणं. वरच्या जलाशयातले बारीक मासे, किडे पाण्याबरोबर खाली येतात आणि आपटून अर्धमेले होतात. शिंगाळ्यासारखा शिकारी मासा अशा जागी ठाण मांडतो.

चारही कारणं एकत्र करा. लांबच लांब पात्रातले मासे एका छोट्या जागेत गोळा झालेत, आणि तिथून त्यांना वर जाता येत नाही. पंधरा मिनिटांत जाळं भरतं ते यामुळे. एसटी स्टँडवर गर्दी दिसली म्हणजे गावाची लोकसंख्या वाढली असं आपण म्हणत नाही. गाडी आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतही हाच सीझन, पण कारण वेगळं

हिवाळ्याच्या शेवटी धरणाखाली मासेमारी करणं हा प्रकार जगात इतर ठिकाणीही आहे. अमेरिकेत मिसिसिपीसारख्या नद्यांवर वॉलआय नावाच्या माशासाठी लोक या दिवसांत धरणांच्या पायथ्याशी होड्या लावून बसतात. वॉलआय हा थंड पाण्यातला मासा. बर्फ वितळून पाणी साधारण ५ ते १० अंशांवर आलं की तो अंडी घालतो. त्यासाठी हिवाळा संपतानाच तो वर चढायला लागतो आणि धरणाला अडतो. म्हणून तिथे अनेक राज्यांत वसंतातल्या विणीच्या काळात या माशाच्या मासेमारीवर बंधनं असतात.

आपल्याकडचं वेळापत्रक वेगळं आहे. आपल्या कार्प माशांची वीण पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये होते. फेब्रुवारीत वैनगंगेच्या धरणाखाली दिसणारा रोहू गेल्या पावसाळ्यात अडकलेला असतो आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघत असतो. मधले चार महिने त्याला त्याच खड्ड्यात काढायचे असतात.

आपल्या गोदावरीच्याच खालच्या टोकाला याचं आणखी एक उदाहरण आहे. आंध्रात पुलसा म्हणून जो मासा हजारो रुपये किलोने विकला जातो, तो म्हणजे समुद्रातून नदीत चढणारा हिलसा. पुराच्या दिवसांत तो गोदावरीत शिरतो आणि राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम बंधाऱ्यापाशी थांबतो. हा बंधारा मूळचा ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केलेला. पुलशाची मासेमारी बंधाऱ्याच्या खालच्या पट्ट्यात होते, कारण त्याच्या पुढे त्याला जाता येत नाही.

झिंग्यांची गोष्ट तर अजून लांबची

वैनगंगेचे आणि सिरोंचाकडचे झिंगे पूर्व विदर्भात नावाजलेले. नागपूरचा पाहुणा आला की झिंगे मिळतील का, हा प्रश्न ठरलेला.

गोदावरीतल्या या मोठ्या गोड्या पाण्यातल्या झिंग्याची एक अडचण आहे. तो वाढतो नदीत, पण त्याच्या पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांत थोडं खारट पाणी लागतं. म्हणजे पिल्लं वाढायची समुद्राजवळ, खाडीत. मग बोटभरही नसलेली ही पिल्लं नदीच्या काठाकाठाने, बहुतेक रात्री, प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात.

आता त्याच्या वाटेवरचे थांबे मोजा. धवळेश्वरम, त्याच्या वर बांधकाम सुरू असलेलं पोलावरम, पुढे तेलंगणातले बंधारे, मग मेडीगड्डा, मग चिचडोह, मग गोसेखुर्द. रोहूला दोन-तीन दारं पार करायची असतील तर झिंग्याला अख्खी रांग पार करायची आहे. कुठल्याही एका दाराला दोष देऊन उपयोग नाही, पण प्रत्येक दाराने संख्या कमीच होत जाते.

वरच्या जलाशयात तर भरपूर मासे असतात, मग अडचण काय?

हा प्रश्न रास्त आहे. धरणामागे मोठा तलाव तयार होतो, त्यात मत्स्यबीज सोडतात, उत्पादन निघतं. मग नदीतले गेले तर गेले.

पण रोहू, कतला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच १९५७ पर्यंत आपल्याकडे या माशांचं बीज नदीतून गोळा करावं लागायचं. त्या वर्षी १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली. आज देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच.

म्हणजे जलाशयात दरवर्षी मासे दिसतात ते दरवर्षी कुणीतरी बीज आणून सोडतं म्हणून. बीज विकत घ्यायचं, ठेका घ्यायचा, मोठी जाळी, मोठ्या नावा घ्यायच्या. हे सहकारी संस्थेला किंवा पैसेवाल्या ठेकेदाराला जमतं. एक डोंगा आणि एक फेकजाळं असलेल्या ढिवर कुटुंबाला जमेलच असं नाही.

आणि बीज सोडतात ते तीन-चार जातींचंच. शिंगाळा, वाम, मरळ, झिंगे आणि बारीकसारीक असंख्य जातींचं बीज कुणी आणून सोडत नाही. ते नदीचं नदीनेच तयार करायचं असतं. गावच्या बाजारात वीस-तीस रुपयांचा वाटा लावून विकली जाणारी बारीक मासळी, जी गरीब घरात आठवड्याचं कालवण असते, ती या हिशोबात कुठेच येत नाही.

त्यात पाण्याचा दर्जा. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमार्गे गोसेखुर्दच्या जलाशयात येतं. पाण्यावर जलपर्णी पसरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. वाहत्या नदीत घाण पुढे जाते, पसरते. साचलेल्या पाण्यात ती बसून राहते.

ढिवरांचं काय?

ढिवर हा भोई समाजाच्या गटातला, पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगणारा समाज. महाराष्ट्रात तो भटक्या जमाती ‘ब’ मध्ये मोडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत, नदीकाठी आणि माजी मालगुजारी तलावांच्या काठी त्यांची वस्ती. बहुतेकांकडे शेती नाही किंवा नावापुरती. शेतीचं पुनर्वसन, मोबदला हे शब्द सातबारावर नाव असलेल्यांसाठी. नदीच्या पात्राचा सातबारा ढिवराच्या नावावर कधीच नव्हता.

त्यामुळे धरण झालं की शेतकऱ्याचं बुडालेलं एकर मोजता येतं, ढिवराचा बुडालेला डोह मोजता येत नाही. धरणाच्या वर असलेला डोह पाण्याखाली जातो, तिथे फेकजाळं चालत नाही. धरणाच्या खाली असलेल्या डोहात वरून येणारं पाणी आता दरवाज्यावर अवलंबून. आज कोरडा, उद्या अचानक लोंढा. जुनी माणसं पाण्याचा रंग बघून कुठल्या रात्री जाळं लावायचं ते सांगायची. दरवाजा कधी उघडणार हे पाण्याच्या रंगावरून कळत नाही.

मग उरते ती धरणाच्या पायथ्याची जागा. तिथे सगळेच येतात. ढिवर येतो, हौशी गळवाले येतात, व्हिडिओवाले येतात, आणि रात्री करंट, जिलेटीन, विषारी पावडर घेऊन येणारेही येतात.

कायदा काय सांगतो?

स्फोटक लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं हा गुन्हा आहे. आजचा नाही, १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनचा. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे. जिलेटीनने जेवढे मासे हाती लागतात त्याहून जास्त तळाला बसून कुजतात, आणि पिल्लं, अंडी, किडे सगळं एका झटक्यात संपतं. धरणाखालच्या खड्ड्यात हे केलं तर अख्ख्या पट्ट्याची बियाण्याची कोठी जळाली असं समजा. करंट लावणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःच दगावतात ते वेगळंच.

दुसरं, अभयारण्य. ताडोबा, चपराळा यांसारख्या संरक्षित क्षेत्रांच्या हद्दीत परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. जंगलातली नदी सगळ्यांची असं वाटलं तरी हद्द कुठून सुरू होते ते आधी विचारून घ्या.

तिसरी बाजू हक्काची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१)(ड) मध्ये, जलाशयांतले मासे आणि इतर उत्पादनं वापरण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा देशभर बातमी झाली ती बांबूची. पण त्याच कायद्यात मासाही आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानुसार लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे येतं. गडचिरोलीत ज्या गावांनी हे हक्क मिळवले आहेत, ती गावं आपल्या हद्दीतल्या डोहात उन्हाळ्यात कोण, कशाने, किती मासे मारणार यावर ग्रामसभेत बोलू शकतात. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

मग यावर उपाय आहे की नाही?

धरणं आता पाडली जाणार नाहीत, आणि भाताच्या पट्ट्याला पाणी लागतंच. पण सगळं किंवा काहीच नाही असा हा विषय नाही.

धरण आणि बॅरेज यात फरक आहे. मोठ्या धरणाची भिंत पुरातही उभीच असते, पाणी उंचावरून पडतं, मासा चढू शकत नाही. बॅरेजचं तसं नाही. चिचडोहचे सगळे दरवाजे पुरात वर उचलले जातात, तेव्हा वरचं आणि खालचं पाणी जवळपास एका पातळीवर येतं. जोरदार पोहणारा मासा अशा वेळी पार होऊ शकतो. म्हणजे दरवाजे किती दिवस पूर्ण उघडे राहतात आणि पावसाळा संपल्यावर कोणत्या तारखेला खाली येतात, याला माशांच्या दृष्टीने मोठी किंमत आहे. सिंचनाचा हिशोब करताना ही तारीख फक्त पाणीसाठा बघून ठरते. त्यात मासाही मोजला तर एक रुपयाही न खर्चता फरक पडू शकतो.

गंगेवरचं फरक्काचं उदाहरण बघा. १९७५ ला फरक्का बॅरेज सुरू झाला. त्याआधी हिलसा गंगेत पार अलाहाबादपर्यंत चढायचा, नंतर ते जवळपास थांबलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की तिथल्या नव्या जहाज-वाहतुकीच्या दाराची रचना अशी केली जाईल की पहाटेच्या ठरावीक तासांत हिलशाला वर जाता येईल. म्हणजे ४४ वर्षांनी का होईना, दार माशासाठीही उघडता येतं हे सरकारी कागदावर आलं.

दुसरा उपाय डोह राखण्याचा. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतला एक डोह मार्च ते जुलै या काळात बंद ठेवला तरी बियाणं वाचतं. हे नवीन नाही. देशात अनेक नद्यांवर मंदिराच्या घाटाजवळचे डोह देवाचे म्हणून राखले जातात आणि तिथे मासे हाताएवढे वाढतात.

तिसरा उपाय म्हणजे न केलेल्या गोष्टींची किंमत ओळखणं. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणं १९८० च्या दशकात होऊ घातली होती. आदिवासींनी विरोध केला, बाबा आमटेंनी आवाज उठवला, आणि तेव्हा ती धरणं थांबली. त्यामुळे भामरागडला, जिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात, तिथली नदी आजही दरवाज्याच्या वेळापत्रकावर चालत नाही. पाऊस येतो तेव्हा चढते आणि पाऊस जातो तेव्हा उतरते.

गळ घेऊन जाणार असाल तर हे वाचून जा

शनिवार-रविवार नदीवर गळ टाकून बसण्यात काही गैर नाही. पण एवढं पाळा.

दरवाज्यांच्या अगदी खाली उतरू नका. धरणाचा परिसर बहुतेक ठिकाणी प्रतिबंधित असतो, पाटी लावलेली असते. ऊन कडक आहे, पाऊस नाही, म्हणून पाणी येणार नाही असं समजू नका. खालच्या गावाला पाणी द्यायचं असेल तर मार्चमध्येही दरवाजा उघडतो. भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आधी काठावर या. पात्राच्या मधल्या खडकावर बसून मासे पकडणाऱ्यांचेच जीव जातात, कारण पाणी आधी त्यांच्या आणि काठाच्या मधून वाहायला लागतं.

छोटा मासा लागला तर सोडा. मोठा, पोट फुगलेला मासा एप्रिल-मेमध्ये लागला तर तोही सोडा. एक मोठी रोहू एका पावसाळ्यात काही लाख अंडी देते. फोटो काढा आणि सोडून द्या.

कासव लागलं तर गळ काढून लगेच पाण्यात सोडा. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवांना वन्यजीव कायद्याचं सगळ्यात वरचं संरक्षण आहे. ते घरी नेणं म्हणजे थेट गुन्हा.

जिथे ढिवर संस्थेचं जाळं लागलंय तिथे गळ टाकू नका. तुमची सुट्टी आहे, त्यांची ती रोजी आहे.

आणि शेवटचं, लोकेशन टाकू नका. एका व्हिडिओवर पंचवीस जणांनी “लोकेशन?” विचारलं आणि त्यातले दहा जण पुढच्या रविवारी तिथे आले, तर त्या खड्ड्यातले मासे जूनपर्यंत उरणार नाहीत. जूनमध्ये पूर येईल, गवत बुडेल, पाणी शेतात पसरेल. अंडी घालायला नदीत मासाच नसेल.

तेव्हा पुढच्या वेळी धरणाखाली चकाकणाऱ्या मासळीचा व्हिडिओ आला की लाईक करण्याआधी मागच्या बंद दरवाज्यांकडे एकदा बघा. ते मासे तिथे राहायला आलेले नाहीत. ते दार उघडायची वाट बघतायत.